जुनी जीप आणि भिंतीवरची यादी

दोन वर्षांपूर्वीं दिवाळींत आमच्या चंद्रपूरच्या घरीं माजघराच्या भिंतीवर एक कागद चिकटविण्यांत आला, आणि फराळाच्या ताटांपेक्षां त्या कागदाचीच चर्चा चार दिवस अधिक झाली. कागद आमच्या पुतण्याच्या हातचा होता. घरच्या जुन्या जीपगाडींत करावयाच्या सुधारणांचीं अकरा कलमें त्यावर सुवाच्य अक्षरांत लिहिलेलीं होतीं. गाडी चार इंच उंच करणें, एकतीस इंची रुंद टायर घालणें, पुढें लोखंडी नळ्यांचा जाड गार्ड बसविणें, त्यावर विंच, म्हणजे स्वतःच्या बळानें दोर गुंडाळून रुतलेली गाडी वर काढणारा रहाट, चढविणें, टपावर दिव्यांची ओळ लावणें, इंजिनाची हवेची नळी काचेच्या उंचीपर्यंत नेणें, असा तो क्रम होता. अकरावें कलम रंगाचें होतें. खालीं टीप होती: "मोठ्या काकांची संमति आवश्यक."

या सदरांत आम्ही आजवर शिवणाचें यंत्र, विहिरीवरचा पंप, घरांतील विजेच्या तारा अशा विषयांवर लिहीत आलों. जीपगाडी हें कांहीं घरांतील यंत्र नव्हे, असें पुण्या-मुंबईच्या वाचकांस वाटेल. परंतु चंद्रपूर-गडचिरोलीकडे ज्यांची शेतीवाडी आहे, त्यांच्या घरीं ती गाडी पंपाइतकीच संसारांत शिरलेली असते. शिवाय जुनें वाहन घेऊन तें रानवाटांसाठीं बदलण्याची हौस हल्लीं तरुण मंडळींत बरीच दिसते, आणि तिचा खर्च व तिची जोखीम हीं दोन्ही अखेर साऱ्या कुटुंबावर येतात. म्हणून या महिन्यांत हा विषय घेतला आहे.

आमची वडिलार्जित शेती मूलच्या बाजूस आहे. तो धानाचा मुलूख. डांबरी रस्त्यापासून शेतघरापर्यंत चार किलोमीटरांची पांदण आहे. उन्हाळ्यांत ती बैलबंडीला आणि मोटारीला सारखीच मोकळी असते. पाऊस लागला कीं तिचा चिखल होतो. वाटेंत उमा नदीकडे वाहणारा एक नाला आडवा येतो. त्यावरचा रपटा पावसाळ्यांत अनेकदां पाण्याखालीं जातो. शेतघरीं आमच्या काकू राहतात. वय ब्यायशीं. शहरांत या, असें त्यांना दर वर्षीं सांगण्यांत येतें, आणि रोवणीच्या वेळीं घरचें माणूस शेतावर नको काय, असें उत्तर दर वर्षीं मिळतें. तेव्हां पावसाळ्यांत शेतघरापर्यंत पोंचेल अशी एक गाडी घरीं असणें ही आमची चैन नव्हे, गरज आहे. पुतण्याच्या मनांत मात्र त्यापलीकडेहि कांहीं होतें. मित्रांसमवेत आलापल्ली, भामरागड, सिरोंचा या बाजूच्या रानवाटा पाहाव्या, ही त्याची इच्छा होती, आणि ती त्यानें लपविलीहि नव्हती.

आमची गाडी महिंद्र कंपनीची एमएम ५४० जातीची, डिझेल इंजिनाची. तिचें कुळ सर्वांस ठाऊक आहेच. १९४० सालीं अमेरिकेच्या सैन्यानें चारहि चाकांना जोर देणारें एक हलकें वाहन कारखानदारांकडे मागितलें. आरंभीं त्याच्या वजनाची मर्यादा १३०० पौंड घातली होती. तेवढ्यांत तें होईना, म्हणून ती वाढवीत वाढवीत २१६० पौंडांवर, म्हणजे सुमारें ९८० किलोंवर, आणावी लागली. युद्धाच्या काळांत विलीस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनीं मिळून अशा सुमारें साडेसहा लाख गाड्या बांधल्या. १९४७ सालीं मुंबईस महिंद्र मंडळींनीं विलीस जीप जुळविण्यास प्रारंभ केला, आणि पुढें त्याच वंशांतल्या गाड्या आपल्याकडील जंगलखातें, पाटबंधारे, पोलीस, लाकडाचे ठेकेदार यांच्या दारांत दिसूं लागल्या. या इतिहासांतली एकच गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. ही गाडी चिखलांतून चालते ती दांडगी आहे म्हणून नव्हे. ती हलकी आहे, आंखूड आहे, आणि तिच्यांत मंद चालीची एक जादा पायरी आहे, म्हणून. तिच्यावर जें जें लादावें, तें तें या गुणांतून वजा होतें.

यादीवर घरांत दोन पक्ष पडले. मुलें सारीं पुतण्याच्या बाजूचीं. भावजय, म्हणजे त्याची आई, सर्वस्वी विरुद्ध. धाकटे बंधू, म्हणजे त्याचे वडील, कांहींच बोलले नाहींत. त्यांच्या न बोलण्याचें कारण आम्हांस ठाऊक होतें, पुतण्यास ठाऊक नव्हतें, आणि तें सांगण्याची पाळी आमचीच होती.

तीस वर्षांपूर्वीं घरीं दुसरी एक जीप होती. तेव्हां आम्ही तरुण होतों आणि गाडी उंच असावी असें आम्हांसहि वाटे. कमानीचें टोक गाडीच्या सांगाड्याशीं जोडणारी एक झुलती पट्टी असते. मिस्त्री तिला शॅकल म्हणतात. ती लांब बसविली कीं गाडी थोडक्या पैशांत उंच होते. एका कारागिराकडून आम्हीं तशा लांब पट्ट्या करून घेतल्या आणि मोठ्या ऐटींत गाडी घरीं आणली. तिचें सुकाणूं पूर्वीपेक्षां थोडें भिरभिरूं लागलें होतें, तें आम्हांस जाणवलें होतें. परंतु संवय होईल, असें म्हणून आम्हीं तें सोडून दिलें. पंधरा दिवसांनीं एका नाल्याच्या तिरप्या काठावरून उतरतांना खालच्या बाजूचें चाक खळग्यांत गेलें आणि गाडी कुशीवर पडली. वेग माणसाच्या चालीपेक्षां अधिक नव्हता. गाडी आम्ही चालवीत होतों. शेजारीं धाकटे बंधू बसले होते. त्यांचा उजवा हात गाडीखालीं सांपडला. तो कोपर आजहि सरळ होत नाहीं. "लहानपणीं झाडावरून पडलों" असें ते मुलांना सांगत आले. तें त्यांनीं आमच्यासाठीं सांगितलें होतें.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशीं सर्वांसमक्ष आम्हीं ही हकीकत सांगितली. पुतण्या बराच वेळ वडिलांच्या हाताकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "काका, म्हणजे गाडीला हात लावूंच नये, असेंच ना?" आम्हीं सांगितलें, तसें नव्हे. हात न लावतां जुनी गाडी रानांत नेणें हेंहि तितकेंच वाईट. कोणत्या कलमानें काय मिळतें आणि काय जातें, तें एकेक करून पाहूं, आणि मग यादी ठेवूं अगर फाडूं. वाचकांनींहि तोच हिशेब करावा, म्हणून तो येथें देतों.

पहिलें कलम उंचीचें. कमानी उंच केल्या कीं गाडीची पेटी वर जाते; आंस जेथल्या तेथेंच राहतो. वाटेंतला दगड किंवा खुंट ज्याला अडतो तो आंसाच्या मध्यावरचा फुगवटा, ज्यांत डिफरन्शियलचीं दांत्यांचीं चक्रें असतात. तो या उपायानें केसभरहि वर येत नाहीं. वर येतो तो गाडीचा गुरुत्वमध्य. एक हिशेब पाहा. दोन चाकांमधलें अंतर ४८ इंच आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून २५ इंच वर आहे असें धरिलें, तर अशी गाडी स्थिर उभी असतां सुमारें ४४ अंश कलली म्हणजे उलटते. तीच गाडी चार इंच उंच केली कीं हा कोन ४० अंशांच्या खालीं येतो. मोठ्या टायरांनीं आणखी दीड इंच वाढविली कीं तो ३८ होतो. हे आंकडे स्थिर गाडीचे आहेत. चालत्या गाडींत कमानी एका बाजूस दबतात, माणसें एका बाजूस झुकतात, चाक खळग्यांत जातें, आणि प्रत्यक्षांतला कोन याहून पुष्कळच लहान असतो. शिवाय इंजिनाकडून आंसाकडे जाणारा फिरता दांडा अधिक तिरपा होतो आणि त्याचे सांधे लवकर झिजतात. ब्रेकच्या रबरी नळ्या ताणल्या जातात. सुकाणूंच्या दांड्यांचे कोन बदलतात. एक गोष्ट बदलली कीं पांच गोष्टी तिच्यामागून बदलाव्या लागतात, आणि थोडक्यांत काम करणारा कारागीर पहिली तेवढी बदलून देतो. आमच्या वेळीं नेमकें तेंच झालें होतें.

दुसरें कलम टायरांचें. आमच्या गाडीचा मूळचा टायर सुमारें २८ इंच व्यासाचा आहे. ३१ इंची टायर घातला तर आंस दीड इंच वर येतो, हा लाभ खरा. परंतु चाकाचा घेर शेंकडा अकरानें वाढतो. वेगाचा कांटा ४० दाखवील तेव्हां गाडी ४४ नें धांवत असेल. जीपच्या मंद पायरींत इंजिनाचा जोर २.४६ पट होतो. मोठ्या चाकामुळें तो जणूं २.२२ पटीवर उतरतो. म्हणजे ज्या मंद चालीसाठीं ही गाडी घ्यावयाची, तीच कमी होते. ब्रेक तेवढेच राहतात, पण त्यांना अधिक मोठें व अधिक जड चाक थांबवावें लागतें.

गार्ड आणि विंच हीं दोन कलमें मिळून पन्नास-साठ किलो वजन गाडीच्या नाकावर येतें. पुढच्या कमानी त्यासाठीं केलेल्या नसतात. रोज एकट्यानें निबिड रानांत जाणाऱ्याला विंचचा उपयोग आहे. ज्याच्या वाटेवर हांकेच्या अंतरावर बैलजोडी आहे, त्यानें गाडीच्या सांगाड्याला पुढें-मागें भक्कम आंकडे, एक चांगला दोर, फावडें आणि दोन फळ्या एवढें ठेवलें तरी पुष्कळ झालें.

येथें कायद्याची गोष्टहि सांगितली पाहिजे, कारण पुष्कळांस ती ठाऊक नसते. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें, कारखानदारानें नमूद केलेल्या मूळच्या रचनेशीं विसंगत होईल असा बदल मालकास करितां येत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानेंहि जानेवारी २०१९ मध्यें हेंच स्पष्ट केलें. त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें अशा प्रत्येक बदलास पांच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. पुढच्या लोखंडी गार्डांविरुद्ध केंद्र सरकारनें डिसेंबर २०१७ मध्येंच राज्यांना लिहिलें होतें. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनीं आणि मग दर पांच वर्षांनीं नवी करून घ्यावी लागते, आणि त्या वेळीं गाडी तपासली जाते. आणखी एक सूचना. सरकारी कचेरीची जुनी जीप लिलावांत घेऊन ती आपल्या नांवें करावी, असा जो जुना मार्ग होता तो आतां बंद आहे. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी टिकत नाहीं, तीं भंगारांतच जातात. कोणताहि बदल करण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत लेखी विचारावें. तोंडीं "चालतंय हो" म्हणणारे पुष्कळ भेटतात. अपघातानंतर विम्याच्या कागदावर त्यांची सही नसते.

एवढें झाल्यावर आम्ही आणि पुतण्या गाडी घेऊन मूल येथील एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलों. त्यांनीं यादी वाचली, घडी करून पुतण्याच्या हातांत दिली, आणि प्रथम गाडी सपाट जागेवर उभी करून चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्यापर्यंतचें अंतर चारहि बाजूंनीं मोजलें. मग अंगणांत उभ्या असलेल्या तशाच दुसऱ्या एका गाडीचें मोजलें. तिच्या कमानी नुकत्याच नव्या केल्या होत्या. आमची गाडी तिच्याहून सवादोन इंच खालीं बसलेली होती, आणि डावीकडे आणखी थोडी झुकलेली. मिस्त्री म्हणाले, "नवीन उंची कशाला आणता जी? तुमचीच उंची हरवली आहे. ती आधी आणा. अन् चालण्याचं मागून बघू, थांबण्याचं आधी बघू."

वाचकहो, या एका वाक्यांत साऱ्या विषयाचें सार आहे. जुन्या गाडीविषयीं आपण ज्याला सुधारणा म्हणतों, त्यांतलें निम्मेंअधिक काम वस्तुतः दुरुस्तीचें असतें. पस्तीस-चाळीस वर्षांत कमानीचे पाटे दबतात, त्यांच्यामध्यें गंज बसून ते एकमेकांवर सरकत नाहींत, आणि गाडी ठेंगणी व ताठ होते. ताठ गाडीचें चाक खळग्यांत खालीं जात नाहीं, अधांतरीं राहतें. आणि साध्या डिफरन्शियलची रीत अशी कीं, आंसाचें एक चाक अधांतरीं फिरूं लागलें कीं जमिनीवरच्या दुसऱ्या चाकाला जोर मिळत नाहीं. गाडी रुतली असें आपण म्हणतों, तें बहुधा अशा वेळीं. पाटे मूळच्या मापाचे नवे घातले, त्यांच्या टोकांचीं रबरें बदललीं, कीं उंचीहि परत येते आणि चारहि चाकें जमीन धरून राहतात. यांत कायद्याचा प्रश्न नाहीं, कारण गाडी कारखान्यांतून निघाली तशीच होते.

त्या हिंवाळ्यांत कामें पुढील क्रमानें झालीं. प्रथम ब्रेक: ड्रम, पट्ट्या, नळ्या आणि तेल. ब्रेकचें तेल हवेंतला ओलावा शोषतें, म्हणून तें दर दोन वर्षांनीं बदलावें. मग कमानी आणि सुकाणूंचे सांधे. मग मूळच्या मापाचेच, पण खोल खांचांचे नवे टायर. अरुंद टायर पातळ चिखल कापून खालच्या घट्ट मुरमापर्यंत पोंचतो, हें या भागांत पुष्कळदां सोयीचें पडतें. वाळूंत आणि खोल चिखलांत टायरांतली हवा १८ पौंडांपर्यंत कमी केली कीं टायर पसरतो आणि रुतण्याचें टळतें. परंतु बाहेर आल्यावर ती लगेच भरली पाहिजे, म्हणून गाडींत पायपंप ठेवला. ट्यूबच्या टायरांत हवा याहून फार उतरवूं नये, टायर रिंगवर सरकून ट्यूबचें तोंड फाटतें. दोन्ही आंसांना हवा खेळती राहण्यासाठीं लहान छिद्रें असतात. तापलेला आंस थंड पाण्यांत बुडाला कीं आंतली हवा आकसते आणि पाणी ओढलें जातें. मग तेल दुधासारखें दिसतें आणि दांते झिजतात. त्या छिद्रांना रबरी नळ्या जोडून त्यांचीं तोंडें इंजिनाजवळ वर नेलीं. खर्च अगदीं किरकोळ, उपयोग मोठा. शेवटीं सर्व बैठकांना पट्टे. भावजयींची संमति या शेवटच्या कलमावर मिळाली.

वापरासंबंधीं दोन गोष्टी घरांतल्या प्रत्येक चालकास शिकवाव्या. कोरड्या डांबरी रस्त्यावर चारहि चाकांचा जोर लावून गाडी चालवूं नये. वळणावर पुढचीं आणि मागचीं चाकें निरनिराळें अंतर कापतात, या गाडींत तो फरक सांवरणारें साधन नसतें, आणि ताण दांत्यांवर येतो. दुसरें, पाण्यांतून बाहेर आल्यावर ब्रेक हलका दाबून थोडें अंतर जावें. ओले ड्रम धरीत नाहींत.

हवेची नळी उंच नेण्याचें कलम आम्हीं जाणूनबुजून गाळलें, आणि पुतण्याचा खरा वाद त्यावरच झाला. इंजिनांत पाणी गेलें तर तें दाबलें जात नाहीं, आंतले दांडे वांकतात, आणि इंजिन संपतें. हें त्याचें म्हणणें बरोबरच होतें. आमचें म्हणणें इतकेंच कीं, पाणी जेव्हां हवेच्या नळीपर्यंत येतें, तेव्हां प्रश्न इंजिनाचा राहिलेला नसतो. जीपच्या तळाचें क्षेत्रफळ तीन चौरस मीटर धरा. पेटींत पाणी शिरलें नाहीं, तर तळाच्या वर प्रत्येक दहा सेंटिमीटर पाणी सुमारें तीनशें किलो वजन उचलून धरतें. वीस सेंटिमीटर चढलें कीं सहाशें किलो. उरलेल्या वजनानें चाकें रपट्याला किती धरणार? वाहतें पाणी मग आडवा धक्का देतें आणि गाडी कठडा नसलेल्या रपट्यावरून सरकते. उंच नळी इंजिन वांचविते. माणसाला मात्र पाण्यांत जाण्याचें धैर्य देते, आणि तेंच भय आहे. त्याऐवजीं आम्हीं मे महिन्यांत रपट्याच्या दोन्ही तोंडांशीं एकेक दगडी खांब रोवला आणि रपट्याच्या पातळीपासून एक वीत उंचीवर तांबडी रेघ मारली. वाहतें पाणी रेघेवर असेल तर गाडी थांबेल, मग काम कोणतेंहि असो, असें सर्वांनीं कबूल केलें.

त्या रेघेची परीक्षा ऑगस्टांतच झाली. रात्रीं दहा वाजतां शेतघरून गड्याचा फोन आला कीं काकूंना दम लागला आहे. पुतण्या आणि धाकटे बंधू जीप घेऊन निघाले. साडेअकराच्या सुमारास ते रपट्याशीं पोंचले. पाणी रेघेच्या वर चार बोटें होतें. पलीकडे गड्यानें काकूंना बैलबंडींत निजवून, वर ताडपत्री घालून, उंच जागेवर आणून ठेवलें होतें. कंदील दिसत होता. मधलें अंतर चाळीस पावलांचें. धाकटे बंधू पुढें सांगत कीं, त्या तीन तासांत मुलगा दहा वेळां गाडीशीं गेला आणि दहा वेळां खांबाशीं परत आला. लहान नाल्यांचें एक बरें असतें, वरचा पाऊस थांबला कीं ते लवकर उतरतात. अडीच वाजतां रेघ पाण्याबाहेर आली. मंद पायरींत, मध्यें न थांबतां, गाडी पलीकडे गेली आणि काकूंना घेऊन परत आली. पहाटे त्या चंद्रपुरास रुग्णालयांत होत्या. आठ दिवसांनीं घरीं आल्या, आणि रोवणीचें काय झालें, असें विचारूं लागल्या.

पुढें एकदां पुतण्या म्हणाला, "काका, साडेअकरालाहि गाडी गेली असती." आम्ही म्हणालों, "कदाचित् गेली असती." धाकटे बंधू म्हणाले, "तेव्हांहि ती जाईल असेंच आम्हां दोघांना वाटलें होतें." यापुढें कोणी कांहीं बोललें नाहीं. त्या तीन तासांत काकूंचें कांहीं बरेंवाईट झालें असतें, तर हीच रेघ आम्हांस आयुष्यभर बोंचली असती, हें आम्ही जाणतों. नियम केला म्हणून दैव बांधलें जात नाहीं. एका माणसासाठीं तीन माणसें पाण्यांत घालावयाचीं नाहींत, एवढेंच आधीं शांतपणें ठरवितां येतें. तें ऐन रात्रीं नाल्याकांठीं ठरवितां येत नाहीं.

आतां रानवाटांविषयीं. ताडोब्याच्या उघड्या जिप्सी पाहून आपणहि रानांत तसेंच हिंडावें, असें तरुणांस वाटतें. त्या गाड्या प्रवासी बसविण्यासाठीं आहेत, ठरलेल्या वाटा सोडून त्या जात नाहींत, आणि पावसाळ्यांत गाभ्याचें क्षेत्र बंदच असतें. राखीव वनांत, अभयारण्यांत परवानगीवांचून गाडी घालणें हा गुन्हा आहे. जेथें गुन्हा नाहीं तेथेंहि विवेक हवा. आमच्याकडे मामा तलाव म्हणून जे जुने मालगुजारी तलाव आहेत, त्यांच्या पाळीवरून पावसांत चाक गेलें कीं चाकोरी पडते, चाकोरींतून पाणी वाट काढतें, आणि पाळ फुटली तर साऱ्या गांवाचें धान जातें. कोहळी मंडळींनीं पिढ्यान् पिढ्या राखलेली ती पाळ एका दुपारच्या मौजेची जागा नव्हे.

गडचिरोली १९८२ सालीं निराळा जिल्हा झाला. त्याच्या दक्षिणेस भामरागडाशीं इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा या नद्या मिळतात, आणि त्यांच्या पुरानें तो भाग कित्येक पावसाळ्यांत जगापासून तुटलेला आहे. १९७३ सालीं बाबा आमटे यांनीं हेमलकसा येथें लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. तेथें डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांच्याकडे माडिया लोक आपले रोगी मैलोगणती पायीं, खाटेवर घालून आणीत. त्या वाटांवर एक चालती गाडी ही केवढी वस्तु आहे, तें तेथल्या माणसांस विचारावें. आपण ती वाट पावसांत हौसेखातर उखणून ठेवली, तर उद्यां तीवरून खाट नेणाऱ्यांचे पाय त्याच चिखलांत जातील. हिंवाळ्यांत, उघड्या रस्त्यानें, गांवकऱ्यांस व जवळच्या पोलीस ठाण्यास विचारून जावें. आलापल्लीचा साग रस्त्यावरूनहि तितकाच उंच दिसतो. गेल्या जानेवारींत पुतण्या तसा जाऊन आला, आणि या खेपेस त्याचे वडीलहि शेजारीं बसून गेले.

भिंतीवरचा कागद अजून तेथेंच आहे. अकरांपैकीं दहा कलमांवर पुतण्यानें स्वतःच रेघ ओढली आहे, आणि खालीं नव्या अक्षरांत ब्रेक, कमानी, टायर, नळ्या, पट्टे, खांब अशीं सहा लिहिलीं आहेत. उरलेलें जुनें कलम रंगाचें. तें आम्हीं मान्य केलें आहे. रंग कोणता, यावर मात्र घरांत अद्याप दोन पक्ष आहेत.